कापसाची खोली, बाहेरची कडी आणि सरकणारा कवडसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका तरुणाने विचारले आहे की, त्याला चाळीस मिनिटांचा थरारपट करायचा आहे आणि तो पूर्णपणे कापूस साठवलेल्या एकाच खोलीत घडतो. खेडा खरेदीसाठी, म्हणजे गावात येऊन शेतकऱ्याच्या घरूनच कापूस विकत घेण्यासाठी, आलेला व्यापाऱ्याचा माणूस वजनाआधी माल पाहायला खोलीत शिरतो, बाहेरून कोणीतरी कडी घालते आणि थोड्या वेळाने त्याच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन येतो. खोली प्रश्नकर्त्याच्या घरचीच आहे; बारा बाय चौदा फूट, वर टिनाचे पत्रे, आत पंचवीस-तीस क्विंटल कापूस. खर्चाला दीड लाख रुपये आहेत. पटकथा मित्रांना वाचून दाखवली तेव्हा पंधराव्या मिनिटाला ते आपापले मोबाईल पाहू लागले. म्हणून त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत : कॅमेरा किती फिरवावा, मध्ये फ्लॅशबॅक घातला तर चालेल का, आणि खोलीतली हवा संपत चालली आहे असे दाखवले तर ताण वाढेल का.

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातला. वीस-बावीस हंगाम तिथल्या वडसा या गावच्या नाटक मंडळ्यांसाठी नाटके लिहिली आणि बसवली, त्यानंतर लहान खर्चाचे काही लघुपट केले. त्यांतले तीन एकाच जागेत घडणारे होते आणि त्यांतला एक सपशेल फसला. पुढे लिहितो आहे ते या अनुभवावरून. तुमचा चित्रपट महोत्सवांना पाठवायचा आहे की गावात पडदा बांधून दाखवायचा आहे, यावर काही उत्तरे बदलतात. बदलतील तिथे तसे सांगेन. एवढे मात्र खरे की आमचा प्रेक्षक रात्री दहाला तणसावर शाल पांघरून बसतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. त्याला कंटाळा आला तर तो मोबाईल काढत नाही, सरळ आडवा होऊन झोपतो. त्यामुळे माणूस कोणत्या क्षणी हातातून सुटतो हे आम्हाला रंगमंचावरून डोळ्यांनी दिसत असे.

तुमच्या तीनही प्रश्नांमागे एकच समजूत आहे, की जागा बदलत नाही म्हणून कंटाळा येतो आणि म्हणून कॅमेऱ्याने, आठवणींनी किंवा गुदमरण्याने तो भरून काढावा लागेल. मला तसे वाटत नाही. पंधराव्या मिनिटापर्यंत तुमच्या मित्रांना कळून चुकले होते की हा माणूस अडकला आहे, फोनवरचा माणूस धमकावतो आहे, आणि हे असेच आणखी पंचवीस मिनिटे चालेल. त्यांच्यापाशी मोजायला काही नव्हते. बंद जागेतला थरार हा मुळात मोजण्याचा थरार असतो. काय शिल्लक आहे, किती उरले आहे आणि ते कोणत्या वेगाने संपते आहे, हे प्रेक्षकाला पात्राइतकेच, शक्य असेल तर पात्राच्या आधी, कळले पाहिजे. पाण्याच्या टाकीजवळ हंड्यांची रांग लागलेली असते तेव्हा बायका बोलत असतात शेजारणीशी, पण त्यांचा डोळा असतो नळाच्या धारेवर. प्रेक्षकाचा डोळा तसा लागला पाहिजे.

या प्रकारातले जे चित्रपट टिकले आहेत त्यांच्याकडे या दृष्टीने पाहा. 2010 चा ‘बरीड’ हा आख्खा चित्रपट एका पुरलेल्या लाकडी पेटीत घडतो. त्यात मोबाईलची बॅटरी, लायटरची ज्योत आणि पेटीत शिरणारी वाळू या तीन गोष्टी आपण सतत मोजत राहतो. 1957 च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये, म्हणजे ज्याच्यावरून आपल्याकडे 1986 चा ‘एक रुका हुआ फैसला’ झाला, कोणी कोणाला मारत नाही आणि दाराबाहेर कोणी खुनी उभा नाही. पण अकरा विरुद्ध एक, मग दहा विरुद्ध दोन असे मत फिरत जाते आणि प्रत्येक मताबरोबर आपण खुर्चीत सरकून बसतो. 2013 च्या ‘लॉक’मध्ये तर एक माणूस रात्रभर मोटार चालवतो आणि फोनवर बोलतो, एवढेच आहे. तरीही पहाटे एका मोठ्या इमारतीच्या पायाचे काँक्रीट ओतले जायचे आहे, तो बर्मिंगहॅमहून लंडनकडे निघाला आहे आणि प्रत्येक फोनबरोबर त्याच्या हातातले काहीतरी कमी होते आहे, हा हिशेब आपल्याला सोडत नाही. राजकुमार राव याचा ‘ट्रॅप्ड’ तुम्ही पाहिला असेलच. मुंबईच्या रिकाम्या टोलेजंग इमारतीत कोंडला गेलेला तो तरुण अन्नपाण्याचा कण नि थेंब कसा गोळा करतो, यावर तो चित्रपट उभा आहे.

आता माझ्या फसलेल्या चित्रपटाविषयी सांगतो, कारण तुमच्या पटकथेतही तोच खड्डा आहे. एक मुलगी धानाच्या कोठीत कोंडली गेली आहे, असा तो पंचवीस मिनिटांचा लघुपट होता. जागा ओळखीच्या घरची मिळाली, अभिनय चांगला झाला, प्रकाशयोजनेवर आम्ही जीव टाकला. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत एका गावात पडद्यावर तो दाखवला. मुलगी दार बडवत रडू लागली आणि बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “ते तं ताटी हाये, एक लात हाणली तं पडते. मंग हे पोट्टी रडते कायले?” सगळा मांडव हसला आणि पुढची अठरा मिनिटे तो हसतच राहिला. दार खरोखरच बांबूच्या ताटीचे होते. आम्हाला ते दिसायला सुंदर वाटले होते; ते किती टिकेल हे आम्ही तपासलेच नव्हते. गावचा प्रेक्षक दार, छप्पर, दोरी, बैल, विहीर या वस्तू तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक ओळखतो. तो बाहेर का पडत नाही, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या सात-आठ मिनिटांत आणि संवादाने नव्हे तर वस्तूने दिले गेले पाहिजे.

तुमच्या खोलीत हा प्रश्न दाराचा नाही. सागवानी कवाड, बाहेरून कडी-कोयंडा, हे कोणीही मान्य करेल. प्रश्न पत्र्यांचा आहे. तीस क्विंटल कापूस म्हणजे एका बाजूला ढीग जवळजवळ आढ्यापर्यंत गेला असणार, आणि आपल्याकडे पत्रे अनेकदा नुसत्या हुकांवर नि वर ठेवलेल्या दगडांवर टिकून असतात. तुमचा नायक ढिगावर चढून पत्रा वर का लोटत नाही, हे कोणीतरी विचारणारच. त्याला तो प्रयत्न करू द्या, आणि लवकर करू द्या. सुट्या कापसावर उभे राहून तुम्ही स्वतः एकदा वर जोर लावून पाहा : हात वर जातात आणि पाय खाली. जितका जोर लावावा तितका माणूस मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत रुतत जातो, कारण टेकू द्यायला खाली घट्ट असे काही नसतेच. त्यात मे महिन्यातली दुपारची वेळ असेल तर पत्र्याला लावलेला तळहात क्षणभरही टिकत नाही. हे एक दृश्य नीट घेतलेत तर सुटकेचा तो मार्ग कायमचा बंद होतो, आणि ज्या कापसाकडे प्रेक्षक आतापर्यंत मऊ, पांढरा माल म्हणून पाहत होता तो त्याला गिळणारी वस्तू म्हणून दिसू लागतो. तुमच्या खोलीचे हे खास वैशिष्ट्य आहे. ते दुसऱ्या कोणाच्या चित्रपटात सापडणार नाही. चित्रीकरणात मात्र ढीग खालून पोखरू नका. वरचा कापूस एकदम बसतो आणि माणूस खरोखरच दबतो.

हवेचे उत्तर स्पष्ट आहे : तो विचार सोडून द्या. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट नसलेली खोली मी अजून पाहिलेली नाही. बरे, खोली पूर्ण हवाबंद आहे असे धरले तरी बारा बाय चौदाच्या आणि दहा फूट उंचीच्या जागेत एका माणसाचे दोन दिवस सहज निघतात. पुरलेल्या पेटीत जे खरे आहे ते तुमच्या खोलीत खोटे ठरते आणि प्रेक्षकाला ते आकडेमोड न करताही जाणवते. तुमच्या खोलीत हवा संपत नाही. तिथे ऊन वाढत जाते. भावाच्या आशेने कापूस घरात ठेवलेला शेतकरी मे महिन्यापर्यंत थांबतो, हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. बाहेर पारा पंचेचाळीसवर, वर तापलेले टिन, आत माणसाचा तासाला लिटरभर घाम, आणि जवळ अर्ध्या लिटरची एक बाटली, तीही निम्मी. बाटलीतल्या पाण्याची पातळी कोणत्या क्षणी कुठवर आहे, हे पटकथेत बोटाच्या मापाने लिहून ठेवा. तो पहिला घोट बेफिकिरीने घेतो, चूळ भरून थुंकतोही. प्रेक्षकाला त्या थुंकलेल्या पाण्याची आठवण अर्ध्या तासाने आपोआप होईल.

आणि तुमच्या खोलीत घड्याळ आधीच आहे. जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोके असतात आणि दुपारी त्यांतून कवडसे पडतात. दहा फूट उंचीच्या भोकातून जमिनीवर पडलेला कवडसा भर दुपारी तासाला साधारण अडीच फूट सरकतो. यवतमाळच्या बाजूला मेच्या उत्तरार्धात सूर्य एक-दोन दिवस अगदी डोक्यावर येतो, तेव्हा सव्वाबाराच्या सुमारास तो कवडसा बरोबर भोकाच्या खाली असतो. पहिल्या दृश्यात तो कापसाच्या पायथ्याशी आहे, मधल्या भागात वजनकाट्याच्या पाटावर, आणि शेवटी समोरच्या भिंतीवर चढून मावळतो आहे, एवढे दाखवले की ‘दोन तासांनंतर’ अशी पाटी लावायची गरज राहत नाही. त्या कवडशात कापसाचा भुगा तरंगताना दिसतो, तोही न मागता मिळतो. फक्त खऱ्या कवडशावर चित्रीकरण बेतू नका. एका दृश्याला चार टेक लागले की कवडसा हातभर पुढे निघून जातो आणि संकलनाच्या वेळी तो उड्या मारताना दिसतो. पुठ्ठ्याला भोक पाडून मागे छोटा एलईडी दिवा लावा आणि जमिनीवर खडूच्या खुणा करून त्याच्या जागा ठरवून टाका. शक्य असेल तर चित्रीकरण हिवाळ्यात करा. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी मिसळून स्प्रेच्या बाटलीने मारले की पुरते. खऱ्या उन्हात टिनाखाली नटाला सहा-सहा तास ठेवणे हा वेडेपणा ठरेल.

इथपर्यंत शरीराचा हिशेब झाला. चाळीस मिनिटांसाठी तो एकटा पुरणार नाही. त्याच्या जोडीला सत्याचा हिशेब लागतो, आणि तोही तुमच्या कथेत दडलेला आहे. हा माणूस खेडा खरेदी करतो. म्हणजे त्याच्याजवळ वजनकाटा आहे आणि वजनांची नोंदवही आहे. तुमच्या मसुद्यात फोनवरचा माणूस नुसता धमक्या देतो, ‘तुला सोडणार नाही’ वगैरे. धमकी मोजता येत नाही. त्याऐवजी त्याने एवढेच म्हणावे : “वही काढा. पहिल्या पानापासून वाचा.” हा एकेक नाव आणि त्यापुढचे क्विंटल वाचतो, आणि पलीकडून प्रत्येक नावाला खरे वजन सांगितले जाते. अकरा क्विंटल चाळीस, नाही, बारा पाच. सात ऐंशी, नाही, आठ वीस. काटा कसा मारला हे कोणी समजावून सांगत नाही, पण फरक वाढत जातो आणि प्रेक्षक मनातल्या मनात बेरीज करू लागतो. ज्याने वर्षानुवर्षे मोजण्यात हात मारला त्याला आता तहान लागलेली असताना मोजायला बसवले आहे. यात जो ताण आहे तो किंचाळ्यांनी येत नाही. वहीत किती पाने उरली आहेत, हेही पडद्यावर दिसत राहते. शेवटच्या पानावर कोणाचे नाव आहे, हे तुम्ही ठरवा, पण ते पहिल्याच फोनच्या वेळी ठरलेले असू द्या.

फोनवरचा माणूस ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’, याकडेही लक्ष द्या. तुमच्या मसुद्यात तो पहिल्या वाक्यापासून अरेतुरे करतो. व्यापाऱ्याच्या माणसाला गावात ‘भाऊ’ म्हणायची रीत आहे. फोनवरचा आवाज शेवटपर्यंत ‘भाऊ, पुढचं पान घ्या’ असेच म्हणत राहिला, तर ते शिवीपेक्षा अधिक बोचेल. आणि नायक मात्र ‘कोण बे तू’पासून सुरुवात करून हळूहळू ‘दादा’वर येतो.

फ्लॅशबॅक घालू नका, असे माझे मत आहे. याला अपवाद आहेत आणि महोत्सवाचा प्रेक्षक कदाचित तो खपवूनही घेईल. पण ज्या क्षणी तुम्ही बाजार समितीचे आवार किंवा रडणारी शेतकरीण दाखवता, त्या क्षणी प्रेक्षक खोलीच्या बाहेर पडलेला असतो. त्याला मोकळा श्वास मिळाला, उजेड मिळाला. आता त्याला पुन्हा आत कोंडायला तुम्हाला पहिल्यापासून मेहनत करावी लागते. नायकाला दार उघडत नाही आणि प्रेक्षकाला मात्र उघडते, हा अन्याय प्रेक्षकच सहन करत नाही. ‘बरीड’ पेटीबाहेर जात नाही, ‘लॉक’ मोटारीबाहेर कोणाच्या घरात शिरत नाही, 2018 चा डॅनिश ‘द गिल्टी’ आणीबाणीचे फोन घेणाऱ्या कचेरीतून पाऊल बाहेर टाकत नाही, आणि त्यातली सगळ्यात भयंकर दृश्ये आपण केवळ ऐकतो. म्हणूनच ती प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी आणि अधिक भयंकर होतात. आमच्या रंगभूमीवर तर बाहेरचे सगळे विंगेतूनच ऐकू यायचे. पलीकडे गाडी उलटल्याचा आवाज एक माणूस पत्र्याचा डबा आणि साखळी घेऊन काढायचा, आणि समोरची हजार माणसे माना वळवून तिकडे पाहायची.

‘लॉक’च्या वेळी फोनवरचे नट हॉटेलातल्या एका खोलीत बसून मोटारीतल्या नटाशी खरोखरच्या फोनवर बोलत होते. हे तुम्हाला फुकटात करता येईल. फोनवरचा नट शेजारच्या छपरीत बसवा आणि खरा फोन लावा. दोन्हीकडे आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. कोणीतरी बाजूला बसून ओळी वाचून दाखवतो तेव्हा नट ऐकण्याचा अभिनय करतो, आणि खरा फोन असला की तो ऐकतो. हा फरक जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर लपत नाही. गावात रेंज ये-जा करते, आवाज मध्येच तुटतो, तेही ठेवा. तसेही रेंजची एक दांडी आणि बॅटरीची टक्केवारी हे आणखी दोन आकडे आहेत. पण त्यांच्यावर फार भर देऊ नका, कारण मोबाईलची बॅटरी आता प्रत्येकच थरारपटात संपते. पोलिसांना किंवा मालकाला तो फोन का करत नाही, याचे उत्तर मात्र वहीतच आहे : दार उघडायला जो येईल त्याच्या हाती वही पडेल.

आता कॅमेरा. हिचकॉकचा 1948 चा ‘रोप’ लांबलचक, सलग फिरणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ओळखला जातो. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचे जे रीळ बसे ते दहा मिनिटांच्या आसपास संपत असल्याने त्याच्या टेकचीही तेवढीच मर्यादा होती. त्यात दोघांनी मित्राचा खून करून प्रेत एका पेटीत ठेवले आहे आणि त्याच पेटीवर पाहुण्यांचे जेवण मांडले आहे. त्या चित्रपटातला मला सगळ्यात ताणाचा वाटणारा प्रसंग कॅमेरा जागेवरून हलत नाही तेव्हाचा आहे. पाहुणे चौकटीबाहेर कुठेतरी बोलत आहेत, आणि घरकाम करणारी बाई पेटीवरची एकेक वस्तू उचलून आत नेते आहे, परत येते आहे, पुन्हा नेते आहे. सगळे उचलून झाले की ती पुस्तके ठेवायला पेटी उघडणार. पुन्हा तेच : प्रेक्षक पेटीवर उरलेल्या वस्तू मोजतो आहे. मोजायला काही असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवून द्या. नसेल तर तो कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

कॅमेऱ्याची हालचाल कमी ठेवावी, पण त्याची जागा आणि उंची यांचा क्रम आधीच ठरवावा. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये सिडनी ल्युमेट यांनी पहिला तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, दुसरा डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा त्याखालून चित्रित केला, आणि सोबत अधिकाधिक लांब पल्ल्याच्या लेन्स वापरत नेल्या. त्यामुळे भिंती जवळ येत जातात, शेवटी छतही दिसू लागते, आणि खोली तीच असूनही लहान होत जाते. तुमच्याकडे मोबाईलचा कॅमेरा असला तरी हे जमते. सुरुवातीला दूर उभे राहून रुंद चौकट, शेवटी ढिगाच्या पायथ्याशी कॅमेरा आणि वर तापलेले टिन. शिवाय तुमच्याजवळ ल्युमेट यांच्याकडे नव्हती अशी एक सोय आहे. तुमची एक भिंत कापसाची आहे आणि ती हलवता येते. ‘बरीड’साठी वेगवेगळ्या कोनांकरिता सात पेट्या तयार केल्या होत्या, ‘क्यूब’ या चित्रपटवाल्यांनी एकच खोली बांधून तिच्या भिंतींचा रंग बदलत नेला. तुम्ही कॅमेऱ्यासाठी जागा हवी तेव्हा कापूस पलीकडे ओढा आणि चित्रपट जसजसा पुढे सरकेल तसतसा ढीग रोज हात-दीड हात अलीकडे आणा. कोणाच्याही नेमके लक्षात येणार नाही आणि सगळ्यांना कोंडल्यासारखे होईल.

यासाठी चित्रीकरण कथेच्या क्रमानेच करा. एकच जागा असल्यामुळे ते परवडते, आणि सदऱ्याला, भुवयांना, केसांना चिकटत जाणारा कापूस आपोआप खरा दिसतो. सदरे मात्र एकसारखे तीन घ्या. साठवलेल्या कापसात बसले की अंगाला खाज सुटते, हे तुम्हाला सांगायला नको. ती खाज पात्राला द्या, नटाला देऊ नका. टेक झाला की त्याला बाहेर सांदवाडीत मोकळ्या हवेत बसवा, आणि आत काम करणाऱ्या बाकीच्यांनी तोंडाला रुमाल बांधावा.

आवाजावर मी अनेक पाने लिहू शकेन, पण एवढेच सांगतो की कापूस आवाज खातो. भरलेल्या खोलीत टाळी वाजवून पाहा. घुमत नाही, जागच्या जागी मरते. ध्वनिमुद्रणासाठी ही खोली एखाद्या स्टुडिओइतकी चांगली आहे, आणि कथेसाठी त्याहून चांगली : त्याची हाक दाराबाहेर का पोचत नाही, याचे कारण त्याच्या भोवती रचून ठेवलेले आहे. त्यात गावात लग्न असेल, तर अर्धे गाव मांडवात आणि उरलेले डीजेच्या आवाजात. बाहेरचे आवाज वेगळे गोळा करा. त्यासाठी पटकथा पुन्हा लिहायला घेण्याआधी एकदा वही-पेन घेऊन त्या खोलीत दुपारी बसा. दार लावून, पण कडी न घालता, बाहेर कोणाला तरी सांगून, आणि उन्हाळ्यात अर्ध्या तासापेक्षा अधिक नाही. मी असाच एकदा धानाच्या कोठीत बसलो होतो. पहिली दहा मिनिटे काहीच ऐकू आले नाही. मग दूरवर पिठाच्या चक्कीची टुकटुक, मग पत्र्यावरून चालणाऱ्या कावळ्याची नखे, आणि त्यानंतर कोणीतरी अंगणात येऊन थांबले, चप्पल काढली नाही, आणि परत गेले. कोण आले होते हे मला अजून माहीत नाही. माझ्या तिसऱ्या लघुपटातला सगळ्यात चांगला प्रसंग तोच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. तीस क्विंटल कापूस 2025-26 च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला 8,110 रुपयांनी, 2,43,300 रुपयांचा होतो. तुमच्या चित्रपटाच्या खर्चापेक्षा तुमची भिंत महाग आहे. आमच्या एका प्रयोगात हॅलोजनच्या दिव्याने पडदा पेटला होता. तो ओढून विझवता आला. कापसाच्या ढिगात ठिणगी आत शिरली तर वर विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. तेव्हा गरम होणारा एकही दिवा आत नेऊ नका, वायरचे जोड खोलीबाहेर ठेवा, विडी-सिगारेटवाल्यांना अंगणातही थांबू देऊ नका, आणि पटकथेत नायक लायटर पेटवतो ते वाक्य खोडून टाका. उजेडच हवा असेल तर त्याच्याजवळ वजनकाटा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या काट्याच्या आकड्यांचा लाल उजेड चेहऱ्यावर पुरेसा पडतो. त्या काट्यावर तो शेवटी स्वतः उभा राहिला तर काय आकडा दाखवायचा, याचाही विचार करून ठेवा, कारण कोणीतरी नट तसे करून पाहणारच, आणि ते दृश्य ठेवायचा मोह तुम्हाला होईल.

शेवट कसा करावा, हे तुम्ही विचारलेले नाही आणि ते मी सांगणार नाही. फक्त तुमच्या मसुद्यात शेवटी दार उघडते तेव्हा बाहेर कोण उभे आहे हे लिहिले आहे; कडी किती वेळापूर्वी निघाली होती, हे लिहिलेले नाही. वहीच्या कोणत्या पानावर तो असताना बाहेरून कडी सरकली, ते आधी ठरवा. तो आवाज प्रेक्षकाला ऐकू आला पाहिजे, आणि त्या वेळी तुमचा नायक आकडे वाचत असला पाहिजे.